गोळीनंतरचा दुसरा दिवस

मराठवाड्यातल्या सत्तरी ओलांडलेल्या कोणालाही 'नारू' म्हणजे काय असे विचारा. पायातून दोऱ्यासारखा लांब जंत बाहेर यायचा, तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा आणि मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस महिनाभर अंथरुणाला खिळायचा, हे सगळे ते सांगतील. आज माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला हा शब्द माहीत नाही. भारतात नारूचा शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात सापडला. २००० साली देश नारूमुक्त झाल्याचे अधिकृतपणे जाहीर झाले.

नारूवर औषध नव्हते. आजही नाही. त्याची लसही नाही.

आता दुसरा रोग घ्या. हत्तीपाय, म्हणजे सरकारी भाषेत हत्तीरोग. त्याचे औषध १९४७ पासून जगाला माहीत आहे. गोळी स्वस्त आहे आणि सरकार ती घरपोच, फुकट देते. तरीही २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने या रोगाच्या उच्चाटनासाठी २०१५ हे साल ठरवले, ते हुकले. मग २०१७ ठरले, तेही हुकले. मुदत सरकत सरकत आता २०२७ वर आली आहे.

औषध नसलेला रोग गेला आणि औषध असलेला राहिला, हे कसे? याचे ठरलेले उत्तर 'लोक अडाणी आहेत, गोळ्या घेत नाहीत' असे असते. आणि 'लोक' या शब्दात आमचा मोहल्ला जरा जास्तच धरला जातो. मी घाटनांदूरची शिक्षिका आहे, उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. वर्षातून दोनदा मुलांच्या हातावर सरकारी गोळी ठेवण्याचे काम माझ्याकडेही येते. म्हणून या प्रश्नाचा इतिहास मी जरा खोलात जाऊन वाचला. त्यातून मला जे दिसले ते वेगळे आहे.

दोन जंत, दोन नावे

दोन्ही रोग जंतांचे आणि दोन्ही फार जुने. इब्ने सीना यांनी अकराव्या शतकात 'अल्-कानून'मध्ये नारूचे वर्णन केले आहे. अरबी वैद्यकात त्याला मदिनेच्या नावाने ओळखत आणि आजही त्याच्या शास्त्रीय नावात 'मेदिनेन्सिस' हा शब्द टिकून आहे. हत्तीपायाला अरबीत 'दाउल-फील' म्हणतात, उर्दूत 'फीलपा'. सूरह फीलमधला जो फील, म्हणजे हत्ती, तोच हा. आयुर्वेदात याच रोगाला 'श्लीपद' असे नाव आहे. अरबी हकीम हत्तीपाय आणि जुजाम, म्हणजे कुष्ठरोग, हे दोन वेगळे रोग मानत. पुढे त्यांचे ग्रंथ लॅटिनमध्ये गेले तेव्हा युरोपात या दोन्हींची सरमिसळ झाली.

नारू पाण्यातून यायचा. बारवेत पायऱ्या उतरून पाणी भरणाऱ्याच्या पायातला जंत पाण्यात अळ्या सोडायचा, त्या अळ्या पाण्यातले बारीक जीव गिळायचे आणि तेच पाणी दुसरा माणूस प्यायचा. हत्तीरोग डासातून येतो. गटारात, तुंबलेल्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास हा त्याचा वाहक. जंत माणसाच्या लसवाहिन्यांत अनेक वर्षे राहतो. त्याची सूक्ष्म पिल्ले रात्रीच रक्तात फिरतात, म्हणून हत्तीरोगाचे रक्त तपासायला आरोग्य कर्मचारी रात्री येतात. पुष्कळांच्या शरीरात हा जंत असूनही बाहेरून काहीच दिसत नाही. पाय सुजतो किंवा अंडवृद्धी होते ती वर्षांनंतर, आणि हत्तीसारखा झालेला पाय कोणत्याही गोळीने पूर्ववत होत नाही.

डास हा रोग वाहतो हे पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरने १८७७ मध्ये चीनमधल्या अमॉय बंदरात दाखवले. त्यासाठी त्याने रक्तात जंत असलेल्या आपल्या माळ्यालाच डासांकडून चावून घ्यायला लावले होते. याच मॅन्सनच्या मार्गदर्शनाखाली रोनाल्ड रॉसने २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात पाहिला. तेव्हा बीड जिल्हा, घाटनांदूर आणि मोमिनाबाद (म्हणजे आजचे आंबाजोगाई) हे सगळे त्याच निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. डास आणि रोग यांचे नाते उलगडण्याच्या या इतिहासात आपला मुलूख असा जवळून आला आहे.

औषध सापडले, पण ताप आला

औषधाचा शोधही आपल्यापासून फार दूरचा नाही. आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव मद्रासला डॉक्टरकी शिकून अमेरिकेत गेले आणि लेडर्ले कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख झाले. त्यांच्या हाताखालच्या चमूने १९४७ मध्ये डायइथाइल कार्बामाझिन हे औषध शोधले. तेव्हा ते हेट्राझान नावाने विकले जाई, आज आरोग्य खात्यात त्याला 'डीईसी' म्हणतात. पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, सुब्बाराव वारले. आज आशाताई जी गोळी घेऊन दारात येतात ती एका तेलुगू माणसाच्या प्रयोगशाळेतून आली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

भारत सरकारने ओडिशात आधी प्रायोगिक काम केले आणि १९५५ मध्ये राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. रोगी कोण, निरोगी कोण हे न पाहता संपूर्ण वस्तीला डीईसी द्यायची आणि घरोघर कीटकनाशक फवारायचे, अशी ती योजना होती. पाच-सहा वर्षांतच दोन्ही गुंडाळावे लागले. क्युलेक्स डास कीटकनाशकाला दाद देईनासा झाला, आणि माणसे गोळी घेईनाशी झाली.

माणसे गोळी का घेईनात, हे नीट समजून घेतले पाहिजे. डीईसी रक्तातली जंताची पिल्ले मारते. ती हजारोंनी एकदम मेली की शरीर त्यावर उसळते. ताप येतो, डोके दुखते, मळमळते, अंग मोडून येते. ज्याच्या शरीरात जंत नाही त्याला सहसा यातले काही होत नाही. ज्याच्या शरीरात जंत आहे त्यालाच जास्त त्रास होतो. हा त्रास म्हणजे औषध लागू पडल्याची खूण, आणि तो एक-दोन दिवसांत ओसरतो.

आता हे दाराच्या आतल्या बाजूने पाहा. माणूस धडधाकट आहे. त्याला काही दुखत नाही, कामावर जातो. सरकारी माणूस येऊन गोळी देतो आणि निघून जातो. रात्री या माणसाला ताप भरतो. सकाळी तो उठून काय म्हणेल? "माझ्या शरीरातले जंत मेले, बरे झाले," असे म्हणेल का? तो म्हणेल, "काल चांगला होतो, गोळीने आजारी पडलो." शेजारचे दहा जण ऐकतात. दुसऱ्या दिवशी गोळी वाटणारा पुढच्या गल्लीत गेलेला असतो आणि त्याच्याआधी ही बातमी तिथे पोहोचलेली असते.

हे अज्ञान नाही. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचा काढलेला अर्थ आहे. अर्थ चुकीचा आहे, पण बरोबर अर्थ सांगायला त्या सकाळी तिथे कोणी नव्हते.

वाटप आणि सेवन

१९५५ ची योजना बसल्यावर बरीच वर्षे सरकार शहरांतल्या गटारांत अळीनाशक टाकणे आणि रात्रीच्या तपासणीत सापडलेल्यांना औषध देणे एवढ्यावर थांबले. १९९६ पासून काही जिल्ह्यांत पुन्हा वर्षातून एकदा सामुदायिक गोळ्या देऊन पाहिल्या आणि २००४ पासून ही मोहीम देशभरातल्या हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांत गेली. महाराष्ट्रात त्यात विदर्भाचा मोठा भाग होता. मराठवाड्यातून आमच्या शेजारचे लातूर आणि उस्मानाबाद होते, पलीकडचे नांदेड होते. डीईसीच्या जोडीला अल्बेंडाझोल आले. २०१९ च्या सुरुवातीला नागपूर जिल्ह्यात आयव्हरमेक्टिन हे तिसरे औषध जोडले गेले. ज्या शोधासाठी जपानचे सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल मिळाले, तेच हे औषध.

हिशोब असा आहे. दोन वर्षांखालची मुले, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी सोडून बाकी सगळ्यांनी गोळी घ्यायची. जंताचे आयुष्य अनेक वर्षांचे, आणि गोळी मुख्यतः पिल्ले मारते. त्यामुळे एक वर्ष घेऊन भागत नाही, ओळीने किमान पाच वर्षे घ्यावी लागते. एकूण लोकसंख्येपैकी निदान ६५ टक्के लोकांच्या पोटात ती गेली तर डासाला रक्तात पिल्ले मिळत नाहीत आणि साखळी तुटते. तीन औषधांच्या जिल्ह्यात उंचपुऱ्या प्रौढ माणसाच्या वाट्याला डीईसीच्या तीन, अल्बेंडाझोलची एक आणि उंचीप्रमाणे आयव्हरमेक्टिनच्या चार, अशा आठ गोळ्या येतात. काही दुखत नसताना आठ गोळ्या!

'पोटात गेली तर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. कागदावर वाटप भरते, पोटात सेवन होते, आणि या दोहोंत मोठी दरी असल्याचे देशभरातल्या पाहण्यांनी वेळोवेळी दाखवले आहे. गोळी घेतली जाते, कोनाड्यात ठेवली जाते आणि पुढच्या वर्षीच्या झाडलोटीत सापडते. म्हणून आता कर्मचाऱ्याने गोळी आपल्यासमोर खायला लावावी असा नियम आहे. नियम चांगला आहे, पण तो पाळायचा म्हणजे दार उघडलेल्या बाईला म्हणायचे, "घरातल्या सगळ्यांना बोलवा, आत्ता जेवण झाले आहे का, नवी सून गरोदर आहे का?" सासूसमोर, दिरासमोर, अनोळखी माणसाने विचारलेल्या या शेवटच्या प्रश्नाला कोणती मुलगी उत्तर देईल? ती गप्प राहते. मग एक तर कर्मचारी तिला वगळतो, नाहीतर ती गोळी मुठीत घेऊन आत जाते. दोन्ही वेळा वहीतली नोंद खरी नसते.

गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही हा आणखी एक नियम. आपल्या हिजरी वर्षात रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो आणि काही वर्षे तो नेमका मोहिमेच्या दिवसांवर येऊन पडतो. दिवसा दारात आलेल्या माणसाला रोजेदार नाही म्हणतो. तो नकार औषधाला नसतो, वेळेला असतो. इशाच्या नमाजीनंतर तोच माणूस गोळी घेईल. पण वहीत 'नकार' असा एकच रकाना असतो.

विश्वासाचे जुने खाते

आता त्या संशयाकडे वळते. आमच्या वस्तीत सरकारी गोळी आली की कुठून तरी 'नसबंदी' हा शब्द येतोच. तो ऐकून हसणे सोपे आहे. पण हा शब्द आकाशातून पडलेला नाही.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघडकीला आला. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला कोणाच्याही घरात शिरण्याचा, रोग्याला उचलून नेण्याचा अधिकार मिळाला. पुण्यात रँडने काय केले आणि त्याचा शेवट कसा झाला हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. मुंबईतली गोष्ट त्या मानाने कमी सांगितली जाते. ९ मार्च १८९८ रोजी रिपन रोड भागात एका मुलीला प्लेगच्या संशयावरून नेण्यासाठी तपासणी पथक आले. तिथल्या जुलाहा विणकरांनी, म्हणजे उत्तरेतून आलेल्या मोमिन मुसलमानांनी, त्याला विरोध केला आणि बघता बघता दंगल पेटली. परके लोक जनानखान्यात शिरतात, मुलगी घेऊन जातात आणि ती परत येईल की नाही हे सांगत नाहीत, एवढे त्या दंगलीला पुरेसे होते.

त्याच मुंबईत, त्याच साथीत, दुसरेही घडले. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. खोजा जमातीचे तरुण इमाम आगाखान तिसरे यांनी आपल्या लोकांसमोर ही लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी हाफकिनना आपली खुश्रू लॉज ही वास्तू दिली. खोजांनी मोठ्या संख्येने लस घेतली. जुलाहा आणि खोजा, दोघेही मुसलमान, एकाच शहरातले. एकाने दगड उचलला, दुसऱ्याने दंड पुढे केला. फरक धर्माचा नव्हता. एकाच्या दारात पोलीस आले होते. दुसऱ्याच्या दारात आपला माणूस आला होता, आणि लस टोचून झाल्यावरही तो त्यांच्यातच राहणार होता.

नसबंदीचे म्हणाल तर आणीबाणीला अजून लोक विसरलेले नाहीत. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही, एवढेच. त्या काळात देशभर तलाठ्यापासून शिक्षकापर्यंत अनेकांना 'केसेस' आणण्याचे उद्दिष्ट दिले गेले. शिक्षक हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे. आज मी ज्या खुर्चीवर बसते, त्याच खुर्चीवरच्या माणसाला तेव्हा लोकांच्या शरीराचा कोटा दिला होता. आजोबांनी ते पाहिले आहे. नातीच्या हातावर मी गोळी ठेवते तेव्हा ते माझ्याकडे रोखून पाहतात, याचे मला नवल वाटत नाही.

आणि संशय दर वेळी चुकीचाच ठरतो असेही नाही. इजिप्तचे उदाहरण प्रत्येक आरोग्य अधिकाऱ्याने वाचावे. नाईलच्या कालव्यांत बिल्हार्झिया नावाचा जंताचा रोग पसरलेला होता. लाडका गायक अब्दुल हलीम हाफिज लहानपणी झालेल्या याच रोगाने पोखरला जाऊन १९७७ मध्ये वारला. १९५० च्या दशकापासून १९८० च्या सुरुवातीपर्यंत सरकारने खेड्यापाड्यांतल्या लोकांना या रोगावर शिरेतून इंजेक्शने दिली. एकेका माणसाला अनेक सुया टोचल्या जात आणि काचेच्या सिरिंज नीट निर्जंतुक न करता पुन्हा पुन्हा वापरल्या जात. त्या सुयांतून हेपॅटायटिस सी पसरला. हे २००० च्या सुमारास संशोधकांनी मांडले, तोवर इजिप्त या काविळीत जगात सगळ्यात पुढे गेला होता. हेतू चांगला होता, औषध खरे होते, रोगही कमी झाला. पण सुई टोचून झाल्यावर त्या माणसाचे पुढे काय झाले, हे कित्येक वर्षे कोणी पाहिले नाही.

आमच्याकडचा फेब्रुवारी

घाटनांदूरला माझा या सगळ्याशी संबंध येतो तो अल्बेंडाझोलमधून. हत्तीरोगाच्या मोहिमेतली हीच गोळी २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींना दिली जाते. ही पोटातल्या जंतांसाठी असते. आता केंद्र सरकारने हत्तीरोगाची मोहीमही याच तारखांना, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला जोडून घेतली आहे.

१० फेब्रुवारी ही तारीख दिल्लीत सोयीची असेल. बीड जिल्ह्यात त्या दिवशी वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या असतात. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात त्या मार्च-एप्रिलला परततात. बरीच मुलेही आईबापांबरोबर फडावर असतात. माझ्या हजेरीपटावर नाव असते, बाकावर मूल नसते. राहिलेल्यांसाठी आठवड्याभराने आणखी एक दिवस ठेवतात, पण आठवड्याभरात उसाचा हंगाम संपत नाही. गावाच्या यादीत तो मजूर 'स्थलांतरित', कारखान्याच्या गावात तो 'बाहेरचा'. दोन्ही वह्यांतून सुटतो. हत्तीरोगाच्या जिल्ह्यांतून जाणाऱ्या मजुरांचे तर जास्तच कठीण, कारण रक्तातले जंत घेऊन तो हजारो माणसांच्या अड्ड्यावर, डासांत, उघड्यावर झोपतो.

याच ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढून टाकण्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि चौकशी समिती नेमावी लागली. ज्या बाईने हे भोगले किंवा शेजारणीचे पाहिले, तिने "ये गोली कायकू, आपा?" असे विचारले तर तिला दोन वाक्यांचे उत्तर देणे एवढे तरी आमचे काम आहे.

एका वर्षी गोळी खाल्ल्यावर एका मुलीला मळमळ झाली. ती सकाळी न जेवता आली होती. पाऊण तासात फोनवरून बातमी वस्तीत गेली आणि शाळेच्या फाटकाशी पंचवीस-तीस पालक जमले. मुलगी तोवर पोहे खाऊन खेळायला लागली होती. संध्याकाळी आम्ही दोघी शिक्षिका तिच्या घरी गेलो, चहा घेतला, तासभर बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा डोकावलो. पुढच्या फेरीला त्या गल्लीतून एकही नकार आला नाही. आम्ही जंतांचे शास्त्र फार काही सांगितले नव्हते. फक्त दुसऱ्या दिवशी तिथे होतो.

ज्यांनी करून दाखवले

इंजेक्शनांनी पोळलेल्या त्याच इजिप्तने २००० मध्ये हत्तीरोगाच्या सामुदायिक गोळ्या सुरू केल्या आणि २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिथे हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरला नसल्याचे जाहीर केले. मालदीव आणि श्रीलंका २०१६ मध्ये तिथवर पोहोचले होते. युद्धाने होरपळलेला येमेन २०१९ मध्ये पोहोचला. बांगलादेश २०२३ मध्ये पोहोचला. यातले चार देश मुस्लिमबहुल आहेत. मुसलमान गोळी घेत नाही, या समजुतीला याहून वेगळे उत्तर देण्याची गरज नाही.

आपल्या देशातही पोलिओचा धडा आहे. उत्तर प्रदेशातल्या मुस्लिम वस्त्यांत थेंबांना मोठा नकार होता, कारण पुन्हा तोच, वंध्यत्वाचा संशय. २००३ नंतर अलिगढ, जामिया मिल्लिया, हमदर्द यांसारख्या संस्था या कामात आल्या. इमामांनी मशिदीतून आवाहने केली, मोहल्ल्यातल्याच बायका घरोघर जाऊ लागल्या. लोकांचे म्हणणे होते की पोलिओसाठी तुम्ही महिन्याला येता, आमच्या पोराच्या जुलाबाला कोणी येत नाही. मग जुलाबाचे, तापाचे औषधही पोहोचवायला सुरुवात झाली. १३ जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा रुग्ण सापडला नाही.

आणि नारू? त्याला औषध नव्हते हेच एका अर्थी बरे झाले. गोळी देऊन निघून जाण्याची सोयच नव्हती. कार्यकर्त्याला गावात राहावे लागले. बारवेच्या पायऱ्या बंद करायच्या, पाणी कपड्याने गाळायला शिकवायचे, घरोघर फिरून रुग्ण शोधायचा, जंत पूर्ण बाहेर येईपर्यंत त्याची मलमपट्टी करायची. जंत ओढायला आठवडे लागत आणि तेवढे दिवस त्या घरी कोणीतरी जात असे. हत्तीरोगाच्या हातात गोळी होती, म्हणून एका दिवसाचे काम मानले गेले. माझ्या वाचनातून निघालेला अर्थ हा एवढाच आहे.

काय करता येईल

मी आरोग्य खात्याची अधिकारी नाही. पण वाटप करणाऱ्यांच्या बाजूचीही आहे आणि संशय घेणाऱ्यांच्या घरचीही आहे, म्हणून काही साध्या गोष्टी मांडते.

गोळी देण्याआधी सांगावे की ताप येऊ शकतो, तो का येतो आणि कोणाला जास्त येतो. हे लपवल्याने नकार टळत नाही, एक दिवस पुढे ढकलला जातो. प्रत्येक वस्तीत दुसऱ्या दिवशी सकाळी कर्मचारी फिरावा आणि त्या फेरीची नोंद वाटपाच्या नोंदीइतकीच महत्त्वाची मानावी. नव्या सुनेशी बोलायला आशाताईच असावी, तेही आतल्या खोलीत. रमजानात फेरी इशानंतर ठेवावी. ऊसतोडीच्या जिल्ह्यांत कारखान्याच्या अड्ड्यावर मोहीम न्यावी किंवा टोळ्या परतल्यावर वेगळी फेरी घ्यावी. ज्यांचे पाय आधीच सुजले आहेत त्यांना पाय धुण्याची, निगा राखण्याची पद्धत शिकवावी आणि अंडवृद्धीच्या शस्त्रक्रियेची सोय करावी. ज्याला रोग झाला त्याच्यासाठी कोणी काही करत नाही आणि ज्याला झाला नाही त्याच्यामागे गोळ्या घेऊन धावतात, हे लोकांच्या डोळ्यांत खुपते.

आपल्या बाजूनेही काम आहे. आपल्या मोहल्ल्यात शिकलेले लोक आता कमी नाहीत. जुम्याच्या खुतब्याआधी पाच मिनिटे पेशइमामांनी यावर बोलायला काय हरकत आहे? मशिदीच्या कमिटीने पहिली गोळी सगळ्यांसमोर घेतली तर आगाखानांनी सव्वाशे वर्षांपूर्वी जे केले तेच होईल. आजीला, आजोबांना पटवायचे तर आधी त्यांची आणीबाणीची आठवण खरी आहे हे मान्य करा, मग सांगा की ही गोळी वेगळी आहे, मी स्वतः खाल्ली आहे, उद्या सकाळी येऊन तुमची विचारपूस करीन.

जिथे मोहिमेची वर्षे पुरी होतात तिथे रोग गेला की नाही हे तपासायला पहिली-दुसरीच्या मुलांचे रक्त घेतात. मोहीम सुरू असताना जन्मलेल्या या सहा-सात वर्षांच्या मुलांत जंताची खूण सापडली नाही, म्हणजे मोठ्यांनी गोळ्या खरोखर खाल्ल्या. वाटपाच्या वहीत काहीही लिहिले असले तरी शेवटी निकाल या मुलांच्या रक्तातून लागतो. नारू हा शब्द माझ्या वर्गाला माहीत नाही. हत्तीपाय हा शब्दही पुढच्या वर्गांना शब्दकोशात शोधावा लागो.